जोहान्सबर्गला राहायला जाताना: नवागतांसाठी सुरक्षिततेची पायरीपायरीने तयारी

जोहान्सबर्गला बदली झाल्याची बातमी घरात आणि मित्रमंडळीत पसरली की माणसाला दोन प्रकारचे सल्ले मिळू लागतात. ज्यांनी तो देश पाहिलेला नाही ते म्हणतात, "तिकडे जाऊच नका", आणि जे तिथे पंधरा-वीस वर्षे राहिलेले आहेत ते म्हणतात, "काही होत नाही, थोडे जपून राहायचे." पहिल्या सल्ल्याने झोप उडते आणि दुसऱ्याने हाती काहीच लागत नाही, कारण जपून म्हणजे नेमके कुठे, केव्हा आणि कसे, हे सांगायची तसदी कोणी घेत नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीमुळे तिथल्या रहिवाशांना आपण काय काय करतो हे जाणवेनासे झालेले असते, म्हणून ते सांगतही नाहीत. या शहरात काही वर्षे संसार केल्यानंतर मी जे शिकलो, ते नव्याने येणाऱ्याला ज्या क्रमाने उपयोगी पडेल त्या क्रमाने इथे मांडले आहे.

आधी आकडे नीट वाचा

दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात २७,६२१ खुनांची नोंद केली, म्हणजे दिवसाला सरासरी ७५. भारतात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले होते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे दिसतात, पण दक्षिण आफ्रिकेची लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार अवघी सुमारे ६ कोटी २० लाख आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या देशाच्या दुर्लौकिकाचे कारण कळते. तो दुर्लौकिक खोटा नाही, आणि तो खोटा असल्याचे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

मात्र हे खून देशभर सारखे पसरलेले नाहीत. देशात ११५० हून अधिक पोलीस ठाणी आहेत, आणि सर्वाधिक खुनांच्या यादीत केप टाउनमधील न्यांगा, डेल्फ्ट, हरारे किंवा म्फुलेनी आणि डर्बनकडील इनांडा किंवा उमलाझी ही नावे पुन्हा पुन्हा येतात. या बहुतांशी गरीब आणि दाटीच्या वस्त्या आहेत. तिथे टोळ्यांची वैरे, दारूच्या भरात विकोपाला गेलेली भांडणे आणि जमावाने दिलेल्या शिक्षा यांत तिथलेच तरुण मरतात. भिंती आणि पहारेकरी विकत घेऊ शकणारा परदेशी नोकरदार या आकड्यांच्या मध्यभागी नसतो, आणि स्वतःच्या भीतीबद्दल बोलताना त्याने एवढे भान ठेवले तर बरे.

त्याच्या वाट्याला येतो तो दुसऱ्या प्रकारचा गुन्हा. वाहन बळकावणे, माणसे घरात असताना घर लुटणे आणि दुकान किंवा कार्यालय लुटणे, या तिघांना तिथले पोलीस एकत्रितपणे 'ट्रायो' म्हणतात. त्याच वर्षात देशात वाहने बळकावण्याचे २२ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, आणि त्यांतले जवळपास निम्मे एकट्या गाउटेंग प्रांतातले होते. जोहान्सबर्ग आणि प्रिटोरिया याच प्रांतात येतात. हे गुन्हे बारकाईने पाहिले तर असे दिसते की ते बहुधा उंबरठ्यावर घडतात. घराचे फाटक उघडण्याची वाट पाहणारी गाडी, लाल दिव्याशी थांबलेली गाडी, रस्त्याकडे पाठ करून एटीएमसमोर उभा असलेला माणूस, वाहनतळावर सामानाचा कप्पा उघडून वाकलेली बाई: एका सुरक्षित जागेतून दुसरीत जातानाचे हे अर्ध्या-एक मिनिटाचे क्षण असतात. दिवसाचे चोवीस तास घाबरून राहणे कोणालाच जमत नाही; हे मोजके क्षण ओळखून तेवढ्यापुरते पूर्ण जागे राहणे मात्र कोणालाही जमते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या क्षणांसाठी आहेत.

पहिली पायरी: निघण्यापूर्वी आणि विमानतळावर

पारपत्र, व्हिसा, नेमणुकीचे पत्र आणि पदवीची प्रमाणपत्रे यांच्या प्रती स्वतःच्या ईमेलवर आणि घरातल्या एका विश्वासू माणसाकडे ठेवा. तिथे पोहोचल्यावर कोणत्याही पोलीस ठाण्यात मूळ कागद दाखवून छायाप्रती विनामूल्य साक्षांकित करून मिळतात. पारपत्राच्या आणि व्हिसाच्या पानाची अशी साक्षांकित प्रत रोज खिशात बाळगावी आणि मूळ पारपत्र घरातल्या तिजोरीत ठेवावे, हा तिथल्या परदेशी रहिवाशांचा सर्वसाधारण प्रघात आहे.

विमान शक्यतो दिवसा उतरेल असे तिकीट घ्या. ओ. आर. टॅम्बो विमानतळावरून प्रवाशावर पाळत ठेवून त्याला हॉटेलच्या किंवा घराच्या दारात गाठल्याचे प्रकार अनेकदा घडलेले आहेत. पाळत ठेवणारा बहुधा चलन बदलण्याच्या खिडकीपासून आणि महागड्या सामानावरून माणूस हेरतो. म्हणून विमानतळावर मोठी रक्कम बदलू नये, लॅपटॉपची पिशवी लॅपटॉपचीच आहे हे दिसू देऊ नये, आणि न्यायला कोण येणार त्याचे नाव, फोन आणि गाडीचा क्रमांक आधीच मागवून ठेवावा. बाहेरच्या दालनात स्वतःहून मदतीला धावणाऱ्याला नम्रपणे नकार द्यावा. सँडटन किंवा रोझबँक भागात उतरणार असाल, तर २०१० पासून धावणारी गाउट्रेन ही जलद रेल्वे हा अत्यंत स्वच्छ आणि पहारा असलेला पर्याय आहे, आणि सँडटनला ती पंधरा मिनिटांच्या आसपास पोहोचवते.

दुसरी पायरी: घर निवडणे

पहिला महिना कंपनीने दिलेल्या किंवा तात्पुरत्या जागेत काढावा आणि घराचा करार त्यानंतरच करावा, असे माझे ठाम मत आहे. घराचे फोटो पाहून परदेशातूनच अनामत भरणाऱ्यांना फसवणाऱ्या खोट्या जाहिराती तिथे भरपूर आहेत. मालमत्तेचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येक दलालाकडे मुदतीत असलेले 'फिडेलिटी फंड' प्रमाणपत्र, म्हणजे दलालीचा परवाना, असणे कायद्याने बंधनकारक आहे. ते मागताना संकोच करू नये, कारण खऱ्या दलालाला त्याचे काहीच वाटत नाही आणि खोटा मात्र तेवढ्यावरच गायब होतो.

घरांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात. 'इस्टेट' म्हणजे एकाच मोठ्या कुंपणाच्या आत वसवलेली, स्वतःचे रस्ते आणि पहारेकरी असलेली वसाहत. 'कॉम्प्लेक्स' म्हणजे एका फाटकाआड असलेली दहा-वीस ते शंभर-दीडशे घरे. तिसरा प्रकार स्वतंत्र घराचा, ज्याचे फाटक थेट सार्वजनिक रस्त्यावर उघडते. नव्याने येणाऱ्या कुटुंबाने पहिले वर्ष कॉम्प्लेक्स किंवा इस्टेटमध्ये काढणे शहाणपणाचे असते. भाडे जास्त पडते, पण फाटकाच्या त्या धोक्याच्या क्षणी तिथे दुसरा कोणीतरी माणूस जागा असतो, आणि मुलांना घराबाहेर सायकल चालवता येते. स्वतंत्र घर आवडलेच, तर ते पाहायला दुपारी एकदा आणि अंधार पडल्यावर एकदा, असे दोनदा जा. फाटकासमोर गाडी रस्त्याला समांतर उभी करायला जागा आहे का, फाटक किती सेकंदांत उघडते, बाहेर झुडपे आणि बंद पडलेले दिवे आहेत का, हे स्वयंपाकघरातल्या ओट्याइतकेच बारकाईने पाहा.

भाग निवडताना उपनगराच्या नावावर जाऊ नये. सँडटनच्या काचेच्या इमारतींपासून अलेक्झांड्राची दाट वस्ती महामार्गाच्या पलीकडे काही मिनिटांवर आहे, आणि एकाच उपनगरातले दोन रस्ते अनुभवाला अगदी वेगळे ठरतात. त्या रस्त्यावरच्या रहिवाशालाच विचारावे. तिथली माणसे या विषयावर हातचे काही न राखता बोलतात.

तिसरी पायरी: घराचे थर आणि आतले कुलूप

इथे आपल्या मनातली एक समजूत बदलावी लागते. आपण घराची सुरक्षा म्हणजे घरफोडीपासून बचाव असे धरून चालतो, म्हणजे आपण गावाला गेल्यावर कुलूप टिकले की झाले. दक्षिण आफ्रिकेत घरफोडी आणि दरोडा हे दोन निराळे धोके आहेत, आणि दरोडेखोराला तुम्ही घरात असणेच सोयीचे वाटते, कारण तेव्हा धोक्याची घंटा बंद असते आणि तिजोरीची किल्ली मागता येते. म्हणून तिथली व्यवस्था माणसे घरात झोपलेली असतानाही चालू राहील अशी असावी लागते.

ती थराथरांनी उभी करतात. सर्वांत बाहेर भिंत आणि तिच्यावर विजेचे कुंपण. मग अंगणात अदृश्य किरण सोडणारी यंत्रे, ज्यांना तिथे नुसते 'बीम' म्हणतात. त्यानंतर खिडक्यांचे गज आणि दारांवरची लोखंडी जाळी. आणि शेवटी शयनगृहांकडे जाणाऱ्या बोळात आपोआप अडकणाऱ्या कुलपाचे एक भक्कम जाळीदार फाटक. रात्री झोपताना हे आतले फाटक लावून घ्यायचे आणि त्याच्या आतल्या बाजूला फोन, आणीबाणीचे बटण आणि किल्ल्यांचा दुसरा संच ठेवायचा, ही सवय पहिल्याच रात्रीपासून लावा. बाहेरच्या थरांचे काम चोराला अडवण्यापेक्षा तुम्हाला वेळ मिळवून देण्याचे असते. बीमने आवाज केला, तुम्ही या फाटकाआड आहात आणि बटण दाबले आहे, एवढे झाले की बहुतेक टोळ्या पुढे थांबत नाहीत.

बटण दाबल्यावर येते ती खासगी कंपनीची सशस्त्र प्रतिसाद गाडी, पोलिसांची नव्हे. त्या देशात कामावर असलेल्या खासगी सुरक्षारक्षकांची संख्या पोलिसांच्या कितीतरी पट आहे, आणि त्यांच्या कंपन्यांना २००१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या 'पीसीरा' या नियामक संस्थेकडे नोंदणी करावी लागते. कंपनी निवडताना जाहिरातीपेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा असतो: रात्री या भागात तुमच्या किती गाड्या फिरत असतात? त्याचे सरळ उत्तर न देणाऱ्या कंपनीशी करार करू नये. शेजारच्या चार घरांवर ज्या कंपनीच्या पाट्या आहेत तीच घेतली तर गाडी जवळपास असण्याची शक्यता वाढते.

आणखी एक गोष्ट विजेची. भारनियमनाला तिथे 'लोडशेडिंग' म्हणतात. २०२३ साली ते दिवसातून अनेक तास चालत असे आणि २०२४ पासून पुष्कळ कमी झाले. तरीही वीज गेली की फाटकाची मोटर, कुंपण आणि घंटा हे सगळे बॅटरीवर चालते, आणि बॅटऱ्या पुन्हा पुन्हा रिकाम्या होऊन निकामी होतात. त्या दरवर्षी तपासून घ्या.

घरच्या विम्याच्या करारात बहुधा अशी अट असते की घरी कोणी नसताना घंटा चालू केलेली असली पाहिजे. कुंपण, घंटा आणि कंपनीचा करार असे सगळे असूनही केवळ घंटा सुरू करायला विसरल्यामुळे दावा नाकारला गेलेले एक कुटुंब मला माहीत आहे. पिस्तुलाचा विचार मात्र मनातून काढून टाका: बंदुकीचा परवाना तिथला नागरिक किंवा कायमचा रहिवासी असल्याशिवाय मिळत नाही, आणि घरात शस्त्र असल्याची कुणकुण हेच कित्येकदा दरोड्याचे निमित्त होते. सोन्याचेही तसेच आहे. भारतीय वंशाच्या घरात सोने असणारच असे तिथे सर्रास गृहीत धरले जाते, तेव्हा दागिने बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मायदेशी ठेवावेत आणि बाहेर जाताना मंगळसूत्र कपड्यांच्या आत असावे.

घरकामाला येणाऱ्या बाईंकडे किंवा बागकाम करणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याचा सल्ला तुम्हाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी देईल. कामावर ठेवताना आधीच्या मालकाकडे चौकशी करणे योग्यच आहे. पण त्यानंतर किमान वेतन, महिन्याला २४ तासांपेक्षा जास्त काम असल्यास बेरोजगारी विमा निधीत नोंदणी, आणि माणसाला माणसासारखे वागवणे ही तुमची कायदेशीर आणि साधी जबाबदारी आहे. तुमच्या वस्तीत कोणता अनोळखी माणूस दोन दिवस घुटमळतो आहे, हे सर्वांत आधी त्यांच्याच लक्षात येते.

चौथी पायरी: फोन आणि बँक

सिमकार्ड घेण्यासाठी पारपत्र आणि राहण्याचा पुरावा लागतो, बँक खात्यासाठीही तेच लागते, आणि राहण्याचा पुरावा तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. म्हणून भाडेकराराच्या प्रती हाताशी ठेवा.

खाते उघडल्याबरोबर करायचे काम म्हणजे मोबाइल बँकिंगची दैनंदिन मर्यादा खाली आणणे. फोन हिसकावणारा आता फोनच्या किमतीवर समाधान मानत नाही. बंदुकीच्या धाकाने ॲप उघडायला लावून खाते रिकामे केले जाते, आणि त्यासाठी माणसाला काही तास डांबूनही ठेवतात. रोजच्या वापराच्या खात्यात थोडी रक्कम, मोठी रक्कम दुसऱ्या खात्यात, आणि त्या दुसऱ्या खात्याचे ॲप घरी ठेवलेल्या जुन्या फोनवर, अशी विभागणी करावी. तुमचा क्रमांक दुसऱ्या सिमकार्डावर वळवून बँकेचे संदेश पळवण्याचा प्रकारही चालतो; फोनचे नेटवर्क अचानक आणि कारण नसताना गेले, तर ते परत येण्याची वाट न पाहता दुसऱ्याच्या फोनवरून लगेच बँकेशी बोला.

एटीएम शक्यतो मॉलच्या आतले किंवा बँकेच्या आतले वापरावे, अंधार पडण्यापूर्वी वापरावे, आणि कार्ड अडकले असताना मदतीला येणारा सभ्य गृहस्थ हाच चोर असतो हे गृहीत धरावे. बँकेतून मोठी रोकड काढणाऱ्याचा पाठलाग होतो, म्हणून रोकड काढूच नये. भाजीपासून गाउट्रेनपर्यंत बहुतेक सगळे व्यवहार कार्डाने होतात. खिशात वीस आणि पन्नास रँडच्या काही नोटा पुरेशा असतात.

पाचवी पायरी: गाडी

जोहान्सबर्गमध्ये गाडीशिवाय संसार होत नाही, आणि नवागताच्या धोक्यांपैकी मोठा वाटा गाडीभोवतीच असतो, म्हणून या पायरीवर जास्त वेळ थांबू. वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, तेव्हा भारतातून येणाऱ्याला तो त्रास नाही. मात्र वाहतुकीच्या दिव्याला तिथे 'रोबो' म्हणतात आणि रस्ता सांगणारा माणूस "तिसऱ्या रोबोला डावीकडे वळा" असे सहज सांगून जातो.

गाडीत बसण्यापूर्वी पिशव्या, लॅपटॉप, जाकीट हे सगळे मागच्या कप्प्यात जाते, आणि तेही निघण्याच्या जागी ठेवायचे, पोहोचल्यावर नव्हे, कारण पोहोचलेल्या जागी कप्पा उघडताना पाहणारे डोळे असतात. रोबोशी थांबलेल्या गाडीची काच फोडून आसनावरची पिशवी उचलायला पाच सेकंद पुरतात. काचेवर लावायची पारदर्शक संरक्षक फिल्म पहिल्या महिन्यातच बसवून घ्या; काच तडकते, पण पटकन आत हात घालता येत नाही, आणि तेवढ्यात तुम्ही निघून जाता. फोन मांडीवर किंवा समोरच्या पट्टीवर ठेवू नये. पुढच्या गाडीची मागची चाके जमिनीला टेकलेली दिसतील एवढे अंतर सोडून थांबावे, म्हणजे वळवून निघायला जागा राहते. रात्री लांबून लाल दिवा दिसला तर वेग कमी करत असे पोहोचावे की दिवा हिरवा होईल आणि गाडी पूर्ण थांबणारच नाही.

घराच्या फाटकाचा नियम मात्र पाठच करावा. शेवटच्या दोन वळणांपासून आरसा पाहायला लागा आणि रेडिओ बंद करा. मागे कोणी आहे असे वाटले तर घराकडे वळूच नका. एक फेरी मारा, आणि गाडी तरीही मागे असेल तर पोलीस ठाण्याकडे किंवा गजबजलेल्या पेट्रोल पंपाकडे जा. कोणी नसेल, तर फाटकासमोर तोंड करून उभे न राहता रस्त्यावर समांतर थांबून फाटक उघडा, पूर्ण उघडल्यावर आत शिरा, आणि फाटक पुन्हा बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवून गाडीतच बसा. फाटकाकडे नाक करून उभी असलेली गाडी मागून दुसरी गाडी लागली की अडकली. बळकावण्याचे पुष्कळ प्रकार इथेच घडतात.

आणि तरीही कोणी बंदूक घेऊन खिडकीशी आलाच, तर गाडी द्या. वाद नको, नजरेला नजर नको, झटक्यात हालचाल नको. दोन्ही हात दिसतील असे वर ठेवा, पट्टा काढायला हात खाली नेताना "मी पट्टा सोडतो आहे" असे सांगा, किल्ली आतच राहू द्या आणि गाडीपासून दूर व्हा. मागे मूल असेल तर ते पहिल्या वाक्यात, स्पष्ट आणि शांत आवाजात सांगा. म्हणूनच मुलाचे आसन कोणत्या बाजूला ठेवायचे आणि मुलाला पटकन कसे उचलायचे, हे आधीच ठरवून ठेवावे. ही कृती घरातल्या सगळ्यांनी अंगणात उभ्या गाडीत चार-पाच वेळा करून पाहावी. ऐकायला विचित्र वाटते, पण भीतीने डोके चालेनासे झाले की हाताला लागलेले वळणच उपयोगी पडते.

वाहनतळावर वेगळाच धोका असतो. तुम्ही रिमोटचे बटण दाबून वळता तेव्हा जवळच उभा असलेला माणूस दुसऱ्या यंत्राने तुमचा संकेत अडवतो, गाडी उघडीच राहते, आणि तुम्ही परत येईपर्यंत आतले सामान गेलेले असते. काच फुटलेली नसल्याने विमा कंपनीही हात झटकू शकते. एका मॉलच्या वाहनतळावर माझा कॅमेरा असाच गेला. तेव्हापासून बटण दाबल्यावर दाराची कडी ओढून पाहिल्याशिवाय मी पाऊल उचलत नाही. चमकदार जाकीट घातलेले 'कार गार्ड' जवळपास प्रत्येक वाहनतळावर भेटतात. त्यांना पाच-दहा रँड द्यावेत, आणि शक्य असेल तेव्हा दोन शब्द बोलावेत.

महामार्गावर रात्री दगड किंवा फांदी आडवी दिसली तर उतरून हटवायला जाऊ नये. टायर फुटला तरी रिमवर हळूहळू चालवत उजेडापर्यंत जावे, रिम पुन्हा घेता येते. निळा दिवा लावलेल्या पण खुणा नसलेल्या गाडीने थांबवले तर पोलिसांचे सोंग घेतलेले लुटारू असू शकतात. वेग कमी करा, धोक्याचे दिवे लावा, हाताने पुढे येण्याची खूण करा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात नेऊन गाडी उभी करा. खऱ्या पोलिसाला ओळखपत्र मागण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तपासणी नाक्यावर कोणी दंडाच्या नावाखाली रोख मागू लागला, तर वाद न घालता लेखी दंडपावती मागावी आणि स्वस्थ बसावे. मागे रांग वाढत असते आणि त्याच्याकडे तुमच्याइतका वेळ नसतो.

नकाशाचे ॲप सर्वांत जवळचा रस्ता दाखवते, सर्वांत बरा नव्हे. केप टाउनला गेल्यास हे विशेष लक्षात ठेवा, कारण तिथला विमानतळ न्यांगाला लागूनच आहे. मुख्य महामार्ग सोडून गल्लीबोळातून वाचणारी पाच मिनिटे वाचवू नयेत.

सहावी पायरी: पायी आणि इतरांच्या वाहनाने

रोझबँक, पार्कहर्स्ट, मेलव्हिल यांसारख्या भागांत लोक दिवसा पायी फिरतात, उपाहारगृहांच्या बाहेर बसतात, आणि तुम्हीही बसावे. शहराच्या जुन्या मध्यभागात आणि हिलब्रोच्या बाजूला मात्र पहिल्यांदा स्थानिक माहितगाराबरोबरच जावे. अंधारानंतर पायी फिरणे जवळपास सगळीकडेच टाळावे.

उबर आणि बोल्ट सर्रास वापरली जातात. गाडीचा क्रमांक आणि चालकाचा चेहरा जुळल्याशिवाय बसू नये, आणि चालकाने तुमचे नाव सांगावे, तुम्ही त्याला सांगू नये. मिनीबस टॅक्सी हे देशातल्या बहुसंख्य कामकरी लोकांचे वाहन आहे. तिचे मार्ग बोटांच्या खुणांवरून ठरतात आणि ते समजायला सोबती लागतो. टॅक्सीमालक संघटना आणि ॲपवाले चालक यांच्यात मॉलच्या दारातले प्रवासी कोणी न्यायचे यावरून हिंसक वाद होतात, तेव्हा तिथे गर्दी जमलेली दिसली की दुसऱ्या दाराने बाहेर पडा. केप टाउनच्या टेबल माउंटनवर किंवा लायन्स हेडवर एकट्याने चढू नये. गटाने, उजेडात आणि फोन आत ठेवून चढावे.

सातवी पायरी: शेजार

राहायला गेल्यावर पहिल्या रविवारी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जाऊन ओळख करून घ्या आणि वस्तीच्या व्हॉट्सॲप गटात नाव घाला. पोलीस ठाण्यागणिक नागरिकांचा एक 'कम्युनिटी पोलिसिंग फोरम' असतो. त्याची एखादी बैठक ऐकली तरी आपल्या भागात नेमके काय चालले आहे ते महिनाभर बातम्या वाचण्यापेक्षा जास्त कळते. व्हॉट्सॲप गटाबद्दल मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्यावर गाडीचा क्रमांक, रस्त्याचे नाव आणि वेळ असलेले संदेश उपयोगाचे असतात; उलट रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या कृष्णवर्णीय माणसाचा नुसताच फोटो टाकून "हा इथे काय करतो आहे?" असे विचारणारे संदेशही येतात. तो माणूस बहुतेकदा कामावरून बसथांब्याकडे चाललेला असतो. वर्णभेदाच्या काळात याच रस्त्यांवर त्याच्या आजोबांना परवान्याचे पुस्तक दाखवावे लागत असे, हे ठाऊक असलेल्याने तरी असा संदेश पुढे पाठवू नये.

परदेशी लोकांविरुद्धच्या दंगलीही देशाने पाहिल्या आहेत. मे २००८ मधल्या हिंसाचारात साठहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्याची झळ मुख्यतः इतर आफ्रिकी देशांतून आलेल्या गरिबांना बसली. जुलै २०२१ मध्ये क्वाझुलु-नाताल आणि गाउटेंग या प्रांतांत दुकाने आणि गोदामे लुटली गेली, साडेतीनशेच्या आसपास लोक मेले आणि काही दिवस पाव, दूध, पेट्रोल मिळेनासे झाले. म्हणून घरात आठवडाभराचे धान्य, औषधे आणि पाणी असावे, आणि गाडीची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नये.

आठवी पायरी: घडलेच तर

पोलिसांचा क्रमांक १०१११, सरकारी रुग्णवाहिकेचा १०१७७, आणि मोबाइलवरून दोन्हींसाठी ११२. प्रत्यक्षात बहुतेक रहिवासी आधी सुरक्षा कंपनीचा नियंत्रण कक्ष आणि मग पोलीस असा क्रम ठेवतात. खासगी रुग्णवाहिकांपैकी नेटकेअरचा ०८२ ९११ आणि ईआर२४ चा ०८४ १२४ हे क्रमांक मुलांच्याही फोनमध्ये असावेत. तातडीचे वैद्यकीय उपचार कोणालाही नाकारता येत नाहीत असे तिथली राज्यघटना सांगते, तरी त्यापुढच्या उपचारांसाठी खासगी रुग्णालय विम्याचे कार्ड किंवा अनामत मागते, म्हणून कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांकडे ठेवा.

पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवल्यावर 'केस नंबर' मिळतो आणि विम्याचा प्रत्येक दावा त्यावर अवलंबून असतो. चोरी लहान असली तरी तो घ्यावा. पारपत्र गेले तर त्या क्रमांकासह जोहान्सबर्गच्या भारतीय वाणिज्य दूतावासात जावे. उच्चायुक्तालय प्रिटोरियात आहे, आणि डर्बन व केप टाउनमध्येही वाणिज्य दूतावास आहेत. लैंगिक अत्याचार झाल्यास एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. सरकारी रुग्णालयांत असलेल्या 'थुथुझेला' केंद्रांत उपचार, तक्रार आणि समुपदेशन एकाच ठिकाणी होते, आणि ०८०० ४२८ ४२८ या क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते. बंदूक पाहिलेल्या माणसाला शारीरिक इजा झालेली नसली तरी पुढचे काही आठवडे झोप लागत नाही, फाटकाशी आल्यावर हात थरथरतात. हे तिथल्या डॉक्टरांना रोजचे आहे. त्यांच्याकडे जायला उशीर करू नका.

सहा महिन्यांनी

एव्हाना कडी ओढून पाहणे, आरसा पाहणे, रात्री आतले फाटक लावणे हे हाताला लागलेले असेल, आणि नेमका तेव्हाच माणूस गाफील होतो. एक सकाळ राखून ठेवा. घंटेचा सांकेतिक आकडा बदला, हरवलेला रिमोट फाटकाच्या यंत्रातून काढून टाका, बँकेच्या मर्यादा पुन्हा पाहा, कुंपणाला टेकलेल्या फांद्या छाटा. नंतर आणीबाणीचे बटण दाबून गाडी किती मिनिटांत येते ते घड्याळावर मोजा. ही चाचणी शेजाऱ्यांना आधी कळवून ठेवा, आणि वेळ मोजायची नसेल, नुसते बटण चालते का एवढेच पाहायचे असेल, तर नियंत्रण कक्षालाही कळवा. नाहीतर बंदूकधारी माणूस भिंतीवरून आत डोकावत असताना तुम्ही पायजम्यात चहाचा कप घेऊन उभे असाल, आणि काही कंपन्या अशा फुकटच्या फेरीचे पैसे लावतात.